न्यूझीलंड : जोखून घेतलेली जोखीम

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियाच्याही पुढे सुमारे दोन हजार किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर न्यूझीलंडची भूमी लागते. उत्तर बेट आणि दक्षिण बेट ही तिची दोन मुख्य अंगे. त्यांच्याभोवती लहानमोठी अनेक बेटे विखुरलेली आहेत. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून काहीसे कमी. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या थोडी पुढे; एकट्या पुणे परिसरात याहून अधिक माणसे राहतात. २००० साली प्रदर्शित झालेल्या ‘कहो ना... प्यार है’ या चित्रपटातून येथील सरोवरे आणि हिमशिखरे भारतातील घरोघरी पोहोचली. तेव्हापासून भारतीय कुटुंबांच्या परदेशगमनाच्या यादीत या देशाने जे स्थान मिळवले, ते आजवर टिकून आहे. फरक एवढाच की, पूर्वी प्रवासी सरोवराकाठी उभे राहून छायाचित्र काढत असत. आता त्याच सरोवराकडे वाहत येणाऱ्या नदीच्या घळीत तरुण मुलांना उडी मारायची असते. आईवडील गाडीच्या सावलीत उभे राहून परवानगी द्यावी की न द्यावी, याचा विचार करत असतात.

हा देश साहसासाठीच घडवला गेला असावा असे वाटण्यामागे भूशास्त्रीय कारण आहे. पॅसिफिक आणि ऑस्ट्रेलियन या दोन महाकाय भूपट्टांच्या सीमेवर तो वसलेला आहे. उत्तर बेटावर या पट्टांच्या घर्षणातून ज्वालामुखी, उष्णोदकाचे झरे आणि वाफेची कुंडे निर्माण झाली. दक्षिण बेटावर त्याच बलाने ‘सदर्न आल्प्स’ ही पर्वतरांग उचलली गेली. आओराकी अर्थात माउंट कुक हे तिचे सर्वोच्च शिखर ३,७२४ मीटर उंच आहे. पश्चिमेकडून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीवर आदळतात. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीतील आंबोलीचे स्मरण व्हावे असा तो पाऊस. बेट अरुंद असल्यामुळे नद्यांना समुद्र गाठण्यास थोडेच अंतर मिळते. म्हणून त्या उथळ, थंड आणि अतिशय वेगवान आहेत. डोंगर, बर्फ, अग्नी आणि पाणी एवढ्या जवळजवळ एकत्र आलेली ठिकाणे जगात मोजकीच.

तरीही केवळ निसर्गाने साहसाचा व्यवसाय उभा राहत नाही. तो उभा राहतो माणसाच्या हिशेबाने. मराठीत ‘जोखणे’ म्हणजे वजन करणे, अजमावणे. आणि ‘जोखीम’ हा शब्द त्याच्या शेजारीच नांदतो. या दोन शब्दांमधील अंतर न्यूझीलंडने कसे सांभाळले आणि ते कोठे सुटले, हे समजून घेतल्यास तेथील साहसाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

दक्षिण बेटावरील क्वीन्सटाउन हे वाकातिपू सरोवराच्या काठचे लहानसे गाव. तेथून थोड्या अंतरावर कावाराऊ नदीवर १८८० साली, सुवर्णशोधाच्या काळात बांधलेला एक जुना झुलता पूल आहे. नदीच्या पात्रापासून त्याची उंची ४३ मीटर. १९८८ च्या नोव्हेंबर महिन्यात ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या दोघांनी या पुलावरून दोर बांधून उडी मारण्याचा, म्हणजे ‘बंजी’चा व्यवसाय सुरू केला. जगातील पहिले कायमस्वरूपी व्यावसायिक बंजी केंद्र म्हणून हे स्थळ ओळखले जाते. पहिल्या दिवशी २८ जणांनी प्रत्येकी ७५ डॉलर मोजून उडी घेतली. आजही येथे येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम वजनकाट्यावर उभे केले जाते आणि त्याचे वजन हाताच्या पंजावर लिहिले जाते. त्या आकड्यावरून दोर निवडला जातो. दोर रबराच्या अनेक बारीक धाग्यांचा असतो. त्यावरून किती उड्या झाल्या याची नोंद ठेवली जाते आणि ठरलेली मर्यादा गाठली की तो दोर वापरातून काढून टाकतात. उडी मारणाऱ्याचे काळीज धडधडत असते. उडी मारवणाऱ्याचे लक्ष मात्र आकड्यांवर असते.

या उडीचे मूळ दुसऱ्याच एका द्वीपराष्ट्रात आहे. वानुआतूमधील पेन्टेकोस्ट बेटावर सुरण-गराडूच्या जातीच्या कंदांच्या हंगामाशी निगडित असा एक प्राचीन विधी चालत आला आहे. लाकडी ओंडक्यांचा उंच मनोरा रचून पुरुष घोट्यांना वेली बांधतात आणि जमिनीकडे झेपावतात. वेलीची लांबी उडी मारणाऱ्याप्रमाणे ठरते, आणि विधीचा काळही ठरलेला असतो : एप्रिल ते जून. पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे तेव्हा वेलींत ओलावा आणि लवचीकपणा असतो. १९७४ साली ब्रिटनच्या राणीच्या भेटीनिमित्त हा विधी फेब्रुवारीत, अवेळी करण्यात आला. वेल तुटली आणि एका उडी मारणाऱ्याचा मृत्यू झाला. पाहुण्यासाठी वेळापत्रक बदलले गेले. वेलीचा स्वभाव मात्र बदलला नाही.

१९७९ साली ऑक्सफर्डच्या काही धाडसी तरुणांनी याच कल्पनेवरून इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील पुलावरून लवचीक दोर बांधून उड्या मारल्या. त्यांची दृश्ये न्यूझीलंडमध्ये पोहोचली. हॅकेट आणि त्याच्या मित्रांनी रबराचा ताण, वजन आणि उंची यांचे गणित मांडण्यासाठी शास्त्रज्ञांचे साहाय्य घेतले आणि ऑकलंडच्या पुलावरून प्रयोग केले. १९८७ च्या जूनमध्ये हॅकेटने पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि थोड्याच वेळात सोडूनही दिले. पण ती बातमी जगभर पसरली. वानुआतूचा विधी, इंग्लंडचे धाडस आणि न्यूझीलंडचे मोजमाप यांतून जो व्यवसाय जन्मला, त्याचे रहस्य सोपे आहे. येथे गिऱ्हाईक भीती विकत घेते. धोका शक्य तेवढा दुकानदाराने आधीच काढून ठेवलेला असतो.

दुसरी कथा नदीची. मॅकेन्झी प्रांतातील बिल हॅमिल्टन हा मेंढपाळीचा मोठा कारभार असलेला शेतकरी होता आणि स्वशिक्षित यंत्रज्ञही होता. तेथील उथळ, खडकाळ नद्यांत साधी बोट चालत नसे. तळाशी असलेला पंखा दगडावर आपटून मोडे. १९५४ च्या सुमारास त्याने पंखाच काढून टाकला. बोटीच्या तळातून पाणी ओढून घ्यायचे आणि मागच्या बाजूने जोराच्या झोताने बाहेर फेकायचे, अशी योजना त्याने यशस्वी केली. वीतभर पाण्यावरूनही ही जेटबोट धावू शकते. १९६० साली अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या भव्य घळीतून प्रवाहाच्या उलट दिशेने जाण्याचा पराक्रम याच बोटींनी केला. शेतावरच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे कारखाना झाली आणि जगभर निर्यात होऊ लागली. पिढ्यानपिढ्या व्यापार करणाऱ्या कुटुंबांना त्यातील मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

क्वीन्सटाउनजवळच्या शॉटओव्हर नदीत १८६२ साली सोने सापडले होते. आज त्याच नदीच्या अरुंद घळीत जेटबोटी ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात. दोन्ही बाजूंचे कातळ हात लांबवल्यास लागतील असे वाटते; मध्येच चालक बोट जागच्या जागी पूर्ण गरकन फिरवतो आणि थंड पाण्याचे तुषार सर्वांना न्हाऊ घालतात. हा व्यवसाय आज नाई ताहू या माओरी समाजाच्या पर्यटन संस्थेच्या मालकीचा आहे. सरकारने १९९८ साली या समाजाच्या जुन्या हक्कांबाबत समझोता करून १७ कोटी डॉलरची भरपाई दिली. ज्यांच्या पूर्वजांच्या हातून भूमी गेली, ती मंडळी आज त्याच भूमीवर पर्यटनाची पेढी चालवतात.

तिसरी कथा अंधाराची. उत्तर बेटावरील वाईतोमो येथे चुनखडकाच्या लांबच लांब गुहा आहेत. माओरी भाषेत ‘वाई’ म्हणजे पाणी आणि ‘तोमो’ म्हणजे विवर. १८८७ साली ताने तिनोराऊ हा स्थानिक माओरी प्रमुख आणि फ्रेड मेस हा इंग्रज भूमापक स्थानिक वनस्पतीच्या देठांच्या तराफ्यावर बसून या गुहेत शिरले. छताकडे पाहताच त्यांना ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसले. ते तारे म्हणजे एका लहान माशीच्या अळ्या होत. प्रत्येक अळी छतापासून चिकट तंतू खाली सोडते आणि निळसर हिरवा प्रकाश देते. सर्वसाधारण प्रवासी येथे नावेतून निःशब्द फिरतो. साहसी प्रवासी रबरी पोशाख आणि दिव्याचे शिरस्त्राण चढवून, ट्यूबवर बसून गुहेतील थंडगार प्रवाहात वाहत जातो आणि लहान धबधब्यांवरून पाठमोरी उडी घेतो. याला ‘ब्लॅकवॉटर राफ्टिंग’ म्हणतात. मध्ये एका ठिकाणी सर्वांनी दिवे विझवायचे असतात. गुहेतील हवेची सतत मोजणी होते, कारण माणसांच्या श्वासानेही त्या जिवांचे अस्तित्व धोक्यात येऊ शकते. तेथे स्पर्श करू नये, आरडाओरड करू नये, हे नियम सर्वांसाठी सारखेच आहेत. साहस करतानाही दुसऱ्या जिवाचा विचार सुटू नये, याचा हा एक चांगला पाठ आहे. दिवसभराच्या कार्यक्रमांतून एकच गोष्ट निवडायची असेल, तर आबालवृद्धांनी मिळून वाईतोमोची नाव निवडावी.

असा हा व्यवसाय भरभराटीस येण्यामागे एक कायदाही आहे. १९६७ साली ओवेन वुडहाउस या न्यायाधीशांच्या आयोगाने अपघातग्रस्तांसाठी एक अभिनव योजना सुचवली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती अमलात आली. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न पाहता जखमी व्यक्तीच्या उपचारांचा भार सार्वजनिक निधी उचलतो; त्याच्या बदल्यात शारीरिक इजेच्या भरपाईसाठी न्यायालयात दावा लावण्याचा हक्क राहत नाही. परदेशी पाहुण्यांनाही तेथे झालेल्या इजेच्या उपचारांसाठी या योजनेचे संरक्षण मिळते. अमेरिकेत असा उद्योग काढणाऱ्याला कोट्यवधींच्या दाव्यांची धास्ती असते. येथे ती धास्ती नव्हती. व्यवसाय वाढला तो या मोकळीकतेमुळेही, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु ज्या दुकानदाराला नुकसानीची झळ थेट लागत नाही, त्याच्या तराजूवर कोणाची तरी नजर असावी लागते. ती नजर बराच काळ सैल राहिली.

२००८ साल त्या दृष्टीने दुःखद ठरले. एप्रिल महिन्यात टोंगारिरो परिसरातील मांगातेपोपो घळीत अकस्मात पूर आला आणि साहसशिबिरासाठी आलेले सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात कावाराऊ नदीत फळीवर पोहण्याच्या खेळात एका ब्रिटिश तरुणीचा खडकाखाली अडकून मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी देशाच्या पंतप्रधानांना पत्र लिहिले. त्यानंतर २००९ साली सरकारने साहसी पर्यटनाची सर्वंकष तपासणी करण्याचे ठरवले. तपासणी संपताच, ४ सप्टेंबर २०१० रोजी फॉक्स हिमनदीजवळ हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्यांचे विमान कोसळले आणि त्यातील सर्व नऊ जणांचा अंत झाला. मूळचे शेतीवर खत फवारणारे ते विमान या कामासाठी बदलण्यात आले होते. नव्या रूपात भार व समतोल यांचा हिशेब मांडलाच गेला नव्हता, असे तपासात आढळले. काट्यावर उभे करून एकेका माणसाचे वजन करणाऱ्या देशात एक संपूर्ण विमान न जोखता आकाशात गेले होते.

२०११ साली साहसी उपक्रमांसाठी स्वतंत्र नियमावली आली. प्रत्येक व्यावसायिकाला बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षेची तपासणी करून घेणे आणि सरकारी नोंदवहीत नाव नोंदवणे बंधनकारक झाले. ही नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. जेटबोटींवर सागरी खात्याची आणि हवाई उड्यांवर नागरी उड्डाण खात्याची देखरेख असते. परदेशी प्रवाशासाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे : भपकेदार जाहिरातीपेक्षा नोंदवहीतील एक ओळ अधिक मोलाची.

एवढे करूनही एक प्रश्न उरलाच होता. दोर जोखता येतो, विमान जोखता येते. परंतु ज्वालामुखी कोणत्या काट्यावर ठेवायचा? उत्तर बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर समुद्रात व्हाइट आयलंड, माओरी नावाने फाकारी, हे धगधगते बेट आहे. १९१४ साली तेथे गंधक काढणारे दहा कामगार चिखल-दरडीखाली गाडले गेले होते. पुढे हे बेट खासगी मालकीचे झाले आणि त्यावर पर्यटकांच्या सहली जाऊ लागल्या. शिरस्त्राण आणि वायूपासून बचावाचा मुखवटा चढवून लोक थेट विवराच्या काठापर्यंत चालत जात. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेली. सहली मात्र सुरूच राहिल्या. ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी स्फोट झाला. त्या वेळी बेटावर ४७ जण होते. त्यांपैकी २२ जणांचा मृत्यू झाला आणि वाचलेल्या बहुतेकांच्या वाट्याला भाजल्याच्या भीषण जखमा आल्या. पुढे खटले चालले. आपण एका जिवंत, नुकत्याच अस्वस्थ झालेल्या ज्वालामुखीवर जात आहोत, हे पुरेसे स्पष्ट करून सांगितले गेले नव्हते, अशी साक्ष वाचलेल्यांपैकी अनेकांनी न्यायालयात दिली. त्यांना भीतीचा आनंद विकला गेला होता. धोका मात्र तिकिटावर लिहिलेला नव्हता.

या दुर्घटनेनंतर बेटावरील सहली थांबल्या आणि नियम पुन्हा कडक झाले. १ एप्रिल २०२४ पासून निसर्गाच्या गंभीर धोक्यांची माहिती प्रवाशाला देणे व्यावसायिकावर बंधनकारक आहे. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर, मालातील खोट गिऱ्हाइकापासून लपवता येत नाही. प्रामाणिक पेढीवर हा नियम कायदा येण्यापूर्वीपासूनच पाळला जातो.

निसर्गाची जोखीम स्वतः जोखावी लागते, याचा उत्तम अनुभव टोंगारिरोच्या पायवाटेवर येतो. १८८७ साली ते हेउहेउ तुकिनो या माओरी प्रमुखाने ही पवित्र शिखरे देशाला अर्पण केली आणि त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान जन्मले. ज्वालामुखींच्या कुशीतून जाणारी सुमारे २० किलोमीटरची ही वाट पार करण्यास सहा ते आठ तास लागतात. लाल विवराच्या काठावरून खाली पाचूच्या रंगाची तळी दिसतात. येथे दोर नाही, चालक नाही, तिकीटही नाही. म्हणून ही वाट सोपी आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तासाभरात ऊन जाऊन धुके आणि बोचरा वारा येतो. साधे बूट आणि सुती कपडे घालून आलेल्यांना सोडवून आणण्याचे काम बचाव पथकांना वारंवार करावे लागते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास या डोंगराच्या एका बाजूस स्फोट झाला आणि मोठमोठे दगड वाटेवरच्या विश्रामकुटीचे छप्पर फोडून आत पडले. त्या रात्री कुटीत कोणी नव्हते. आज वाटेवर इशारा देणारे दिवे आहेत. लाल दिवा लागला की मागे फिरायचे.

नदी ओलांडतानाही हेच. एकोणिसाव्या शतकात येथे नदीत बुडून मरणाऱ्यांची संख्या इतकी मोठी होती की, त्या मरणाला ‘न्यूझीलंडचे मरण’ असेच म्हटले जाई. आजही डोंगरवाटांवर जाणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो हाच : पाणी चढले असेल तर थांबावे, एक दिवस वाट पाहावी, अथवा परत जावे. निघण्यापूर्वी आपला मार्ग आणि परतण्याची वेळ विश्वासातील कोणाला तरी सांगून ठेवावी, ही तेथील जुनी शिस्त आहे.

भारतीय कुटुंबाने जाण्यापूर्वी काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तेथील ऋतू उलटे असतात. मे महिन्याच्या सुट्टीत गेल्यास हिवाळ्याचा आरंभ असतो. क्वीन्सटाउनमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उंचावरील वाटा बर्फामुळे अवघड होतात. दिवाळीच्या सुट्टीत वसंत असतो आणि दिवस मोठे होत जातात. डिसेंबरात तर सूर्यास्त रात्री सव्वानऊच्याही पुढे जातो. दिवसभर फिरूनही सूर्यास्तापूर्वी निवांत भोजन करणे तेव्हा सहज साधते. खाद्यपदार्थांच्या बाबतीत विमानतळावरील नियम अतिशय कडक आहेत. मध, ताजी फळे, बियाणे यांना आत वाट नाही. खाकरा, चिवडा, मेतकूट यांसह जवळ जे काही असेल ते अर्जावर स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास ४०० डॉलरचा दंड जागच्या जागी भरावा लागतो. डोंगरात वापरलेले बूटही स्वच्छ धुऊन न्यावेत, कारण बुटाला चिकटलेली माती तेथील वनसंपत्तीस घातक ठरू शकते. साहसाच्या जाहिरातींत शिकार आणि मासेमारी यांचाही समावेश असतो. एकत्रित सहल ठरवताना ती यादी आधीच वाचून घ्यावी. अपघाताचे उपचार मिळत असले, तरी आजारपण, रद्द झालेला प्रवास अथवा रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्या योजनेत बसत नाही. म्हणून प्रवासविमा हवाच. त्या विम्यात बंजी किंवा हवाई उडी वगळलेली नाही ना, हे बारीक अक्षरांत पाहावे.

उडीच्या ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. शेवटची तपासणी कधी झाली? आज हवामान अथवा नदीचे पाणी यामुळे काय बदलले आहे? अपघात झाल्यास सुटकेची व्यवस्था कोणती? आणि ऐन वेळी नकार दिल्यास काय? हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे, गर्भावस्था यांची माहिती लपवू नये. वजन विचारले तर संकोचाने कमी सांगू नये, कारण दोर त्याच आकड्यावरून निवडला जातो. घरातील मुलांना सोबत्यांच्या हट्टापायी उभे करू नये आणि वडीलधाऱ्यांनीही भित्रेपणाचा शिक्का मारू नये. ज्याला उडी मारायची आहे त्याने मारावी. ज्याला नाही त्याच्यासाठी पुलावरील कठड्याजवळची जागा तितकीच सन्मानाची आहे. कोलाडच्या नदीत उतरताना किंवा कामशेतच्या टेकडीवरून हवेत झेपावतानाही हेच चार प्रश्न उपयोगी पडतात.

न्यूझीलंडच्या साहसाचे सर्वांत मोठे नाव सर एडमंड हिलरी यांचे. १९५३ साली तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टवर पोहोचलेल्या या मधमाशीपालकाचे चित्र तेथील पाच डॉलरच्या नोटेवर आहे. १९७७ साली हिलरी भारतात आले ते हॅमिल्टनच्याच तीन जेटबोटी घेऊन. गंगासागरापासून गंगेच्या उगमाकडे, प्रवाहाच्या उलट जाण्याचा त्यांचा संकल्प होता. काठाकाठाने हजारो लोक त्यांना पाहण्यासाठी जमत. वाराणसी मागे पडली, हृषीकेशच्या वरचे खळाळही बोटींनी पार केले. नंदप्रयागजवळ मात्र एक धबधबा आडवा आला. बोटींत शक्ती होती, चालक निष्णात होते आणि जग पाहत होते. तरीही तो धबधबा चढता येणार नाही, हे ओळखून बोटी काठाला लावण्यात आल्या आणि पुढचा प्रवास पायी झाला.